पदवी, प्रमाणपत्र आणि परवाना : छत्तीसगडचे तीन अनुभव

महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या परिसरात वसलेली पुरानी बस्ती हा रायपूर शहराचा जुना भाग. अशा वस्तीत गवंडी, सुतार, सोनार किंवा वैद्य यांच्या कौशल्याची खात्री करून घेण्यासाठी कागदाची गरज भासत नसे. कोण कोणाच्या हाताखाली शिकला, हे सर्वांना ठाऊक असे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. वाढत्या शहरात काम देणारा आणि काम करणारा परस्परांना अपरिचित होत जातात व ओळखीची जागा प्रमाणपत्र घेते. परंतु त्या प्रमाणपत्रामागे कोण उभे आहे? हा प्रश्न छत्तीसगडमध्ये लवकरच आणि मोठ्या ठळकपणे पुढे आला.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. उत्तरपत्रिकांत त्यांची गल्लत हमखास होते. ‘प्रमाणन’ व्यक्तीच्या कौशल्याचे असते. ‘अधिस्वीकृती’ संस्थेच्या गुणवत्तेची असते; 1994 मध्ये स्थापन झालेली ‘नॅक’ ही परिषद महाविद्यालये व विद्यापीठे यांचे मूल्यांकन करते. ‘परवाना’ म्हणजे व्यवसाय करण्याची कायदेशीर अनुमती. या तिन्हींच्या आधी येते ती ‘मान्यता’, म्हणजे पदवी देण्याचा मूळ अधिकार. व्यवसायागणिक यांची मांडणी बदलते. सनदी लेखापालांच्या बाबतीत 1949 च्या कायद्याने स्थापन झालेली एकच संस्था परीक्षा घेते, सदस्यत्व देते आणि शिस्तभंगाची कारवाईही करते. वकिलाला मात्र पदवी विद्यापीठाकडून व सनद राज्य वकील परिषदेकडून मिळते. शिवाय 2010 पासून अखिल भारतीय परीक्षाही आहे. ही परीक्षा घेण्याचा भारतीय वकील परिषदेचा अधिकार घटनापीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये ग्राह्य धरला.

राजपत्रातील विद्यापीठे

छत्तीसगड विधिमंडळाने 2002 मध्ये खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला. त्यातील कलम 5 अन्वये राज्य सरकार केवळ राजपत्रातील अधिसूचनेद्वारे विद्यापीठ स्थापन करू शकत होते. परिणाम असा झाला, की सुमारे वर्षभरात 112 विद्यापीठे अस्तित्वात आली. अनेकांना इमारत नव्हती, परिसर नव्हता. काहींचा कारभार एका खोलीतून चालत होता. तरीही ती ‘बनावट’ नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण विद्यापीठे होती व विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास पदवी देण्याचा अधिकार असतो. खरा धोका येथेच होता.

आयोगाचे माजी अध्यक्ष व ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. विद्यापीठांची स्थापना हा राज्यसूचीतील नोंद 32 चा विषय आहे. शिक्षण समवर्ती सूचीच्या नोंद 25 मध्ये येते. मात्र उच्च शिक्षणाच्या दर्जाचे निर्धारण व समन्वय हा संघसूचीतील नोंद 66 चा विषय आहे. 11 फेब्रुवारी 2005 रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने कलम 5 व 6 घटनाबाह्य ठरविली. शिक्षणाची कोणतीही सोय नसलेल्या संस्थेला विद्यापीठ म्हणून पदवीदानाचा अधिकार देणे म्हणजे दर्जा राखण्याची केंद्रीय यंत्रणाच निष्प्रभ करणे, असा या निर्णयाचा आशय होता. ही सर्व विद्यापीठे संपुष्टात आली. प्रत्यक्ष शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे हित राखण्यासाठी त्यांच्या संस्था राज्यातील आधीच्या विद्यापीठांशी संलग्न करण्याबाबत पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी राज्याने या विषयावर नवा कायदा केला.

योग्यता होती, मान्यता नव्हती

याच राज्यातील दुसरे उदाहरण नेमके उलट आहे आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नसल्याने छत्तीसगडने 2001 मध्ये स्वतंत्र कायद्याने चिकित्सा मंडळ स्थापून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. भारतीय वैद्यकीय परिषदेची त्यास मान्यता नव्हती. अभ्यासक्रमाच्या नावावरून आणि उत्तीर्णांच्या दर्जावरून वाद झाले व काही वर्षांतच तो बंद पडला. उत्तीर्णांना पुढे ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय लोक आरोग्य प्रतिष्ठानासह इतर संस्थांनी त्यांची तुलना एमबीबीएस डॉक्टरांशी केली. प्राथमिक उपचारांच्या क्षमतेत दोघे जवळपास समान आढळले. रुग्णाच्या दृष्टीने हा निष्कर्ष दिलासा देणारा होता. परंतु प्राथमिक उपचारांतील क्षमता सिद्ध झाली म्हणून डॉक्टरचा परवाना मिळत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 च्या कलम 32 मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ यास मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तिच्यामागील विचार छत्तीसगडच्या या प्रयोगाशी मिळताजुळता आहे.

हाताला येणाऱ्या कामाचे प्रमाणपत्र

2013 मध्ये छत्तीसगडने तरुणांच्या कौशल्य विकासाचा हक्क कायद्याने मान्य केला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. 14 ते 45 वर्षे वयाच्या व्यक्तीने मागणी केल्यापासून 90 दिवसांत प्रशिक्षणाची संधी मिळावी, अशी त्यात तरतूद आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित केला. त्यातील पूर्वीचे दहा स्तर 2023 च्या सुधारणेत आठ करण्यात आले.

पुरानी बस्तीसारख्या वस्तीतील अनुभवी कारागिरास यातील सर्वात जवळची वाट आहे ‘पूर्वशिक्षणास मान्यता’ ही. शाळेत न जाता, उस्तादाच्या हाताखाली मिळविलेले कौशल्य चाचणी घेऊन प्रमाणित केले जाते. मूल्यांकन करणाऱ्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवण्याचे काम 2018 मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. म्हणजे येथेही परीक्षकाचा परीक्षक लागतोच. एक भेद मात्र उरतो. वीजजोडणीचे काम परवानाधारकानेच करावे, असा नियम आहे. भिंत बांधणाऱ्या गवंड्याला असे कोणतेही बंधन नाही. त्यामुळे वायरमनचा कागद काम मिळण्याची अट ठरतो, तर गवंड्याच्या प्रमाणपत्राने मजुरी वाढेल की नाही, हे काम देणारा ठेकेदार ठरवितो.