झोपलेले डोंगर

मुलांनो, अमेरिकेत मिशिगन नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यात ह्युरॉन नदीच्या काठी ॲन आर्बर नावाचे शहर वसले आहे. हे शहर तेथील विद्यापीठामुळे प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तेथे भरपूर बर्फ पडते. शहराच्या आसपास लहान लहान टेकड्या आहेत. पण ज्वालामुखी मात्र एकही नाही. तरीसुद्धा दूरच्या एका बेटांच्या देशातील ज्वालामुखींच्या गोष्टीत या शहराचे नाव येते. ते कसे, हे आता पाहू.

१८८७ साली ॲन आर्बरच्या विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ स्टीअर आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन फिलिपिन्स देशात गेले. तेथील पक्षी आणि प्राणी यांचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्या विद्यार्थ्यांत डीन वुस्टर नावाचा एक तरुण होता. पुढे फिलिपिन्सवर अमेरिकेचे राज्य आले. तेव्हा वुस्टर तेथे मोठे सरकारी अधिकारी झाले. ते तेथे असतानाच, १९११ साली, ताल नावाच्या ज्वालामुखीचा भयंकर उद्रेक झाला. वुस्टर यांनी १९१२ साली या उद्रेकावर एक मोठा सचित्र लेख लिहिला. त्यांच्या फिलिपिन्समधील कामाच्या काळातील हजारो छायाचित्रे आजही ॲन आर्बरच्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत.

ज्वालामुखी म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पृथ्वीच्या पोटात खूप उष्णता असते. त्या उष्णतेने काही ठिकाणी खडक वितळतो. वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. शिलारसात वाफ आणि इतर वायू कोंडलेले असतात. सोडावॉटरची बाटली हलवून एकदम उघडली, तर काय होते? आतला वायू जोराने बाहेर येतो आणि पाणीही उसळवतो. ज्वालामुखीतही असेच घडते. वाट मिळताच वायू, राख, दगड आणि तप्त रस वर उसळतात. जमिनीवर आलेल्या रसाला लाव्हारस म्हणतात.

ज्वालामुखी तीन प्रकारचे मानतात. हे प्रकार समजण्यासाठी आपण तीन चुली डोळ्यांसमोर आणू.

पहिली चूल पेटलेली आहे, किंवा नुकतीच विझवलेली असून अजून धुमसते आहे. असा ज्वालामुखी म्हणजे जागृत ज्वालामुखी. त्याचे उद्रेक माणसाने पाहिलेले असतात आणि ते पुन्हा होतील अशी चिन्हे असतात.

दुसऱ्या चुलीत वर नुसती राख दिसते. पण राखेखाली निखारा आहे. असा ज्वालामुखी म्हणजे निद्रिस्त ज्वालामुखी. तो शेकडो वर्षे शांत असतो. पण पुन्हा जागा होऊ शकतो.

तिसरी चूल पार थंड झालेली आहे. तिच्यात ना निखारा, ना ऊब. असा ज्वालामुखी म्हणजे मृत ज्वालामुखी.

आता सांगा, दुसरी चूल आणि तिसरी चूल दुरून वेगळ्या ओळखता येतील का? नाही. दोन्हींत वरून राखच दिसते. ज्वालामुखींच्या बाबतीतही हीच मोठी अडचण असते. फिलिपिन्समध्ये ती हजारो लोकांच्या जिवाशी आली.

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. पृथ्वीचे कवच एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते अगदी सावकाश सरकत असतात. फिलिपिन्सच्या जवळ समुद्राच्या तळाशी असे काही तुकडे दुसऱ्या तुकड्यांखाली शिरतात. तेथे खोलवर शिलारस तयार होतो आणि वर येऊ पाहतो. त्यामुळे या देशात शेकडो ज्वालामुखी डोंगर आहेत. त्यांपैकी २४ ज्वालामुखी तेथील ज्वालामुखी व भूकंप संस्थेने जागृत म्हणून नोंदले आहेत.

प्रथम ताल पाहू. फिलिपिन्सची राजधानी मनिला. तिच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर एक मोठे सरोवर आहे. सरोवरात एक बेट आहे आणि ते बेट म्हणजेच ताल ज्वालामुखी. त्याची उंची केवळ ३११ मीटर. पण लहान म्हणून त्याला कमी समजू नका. १९११ च्या जानेवारीत तेथे भूकंपाचे धक्के बसू लागले. ३० जानेवारीला पहाटेच्या अंधारात मोठा स्फोट झाला. तप्त राख आणि चिखल यांच्या लोटाखाली बेटावरची आणि सरोवराच्या काठची गावे सापडली. सुमारे १,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरही ताल अनेकदा जागा झाला. १९७७ नंतर तो ४३ वर्षे गप्प होता. १२ जानेवारी २०२० रोजी त्याने पुन्हा राखेचा प्रचंड स्तंभ आकाशात उडवला. या वेळी मात्र बेटावरच्या आणि काठच्या हजारो लोकांना सुरक्षित जागी नेण्यात आले.

दुसरा जागृत ज्वालामुखी मायोन. तो २,४६२ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे तुम्हांला माहीत आहे. धान्याची रास घातल्यासारखा मायोनचा आकार अगदी रेखीव आहे. ‘मायोन’ हे नाव तेथील भाषेतील ‘सुंदर’ या अर्थाच्या शब्दावरून आले, असे मानतात. पण १८१४ साली या सुंदर डोंगराने कागसावा हे गाव राख आणि दगडमातीखाली गाडून टाकले. तेथील चर्चचा घंटेचा मनोरा तेवढा आजही उभा दिसतो.

मग लोक अशा डोंगराजवळ राहतातच कशाला, असे तुम्ही विचाराल. ज्वालामुखीची राख पावसापाण्याने कुजून सुपीक माती होते. तिच्यात भात आणि भाजीपाला चांगला पिकतो. पोटासाठी शेतकरी डोंगराच्या अंगाखांद्यावर शेती करतात. १९९३ च्या फेब्रुवारीत मायोनचा अचानक उद्रेक झाला, तेव्हा बरेच शेतकरी डोंगरउतारावर शेतात काम करीत होते. त्या दिवशी ७० हून अधिक माणसे मरण पावली. मायोनच्या मुखापासून सहा किलोमीटरपर्यंतचा भाग कायमचा धोक्याचा म्हणून ठरवला आहे. तेथे वस्ती करायला मनाई आहे.

ताल आणि मायोन यांचा स्वभाव लोकांना माहीत होता. पण पिनातुबोचे काय? पिनातुबो हा डोंगर तेव्हा १,७४५ मीटर उंच होता, म्हणजे कळसूबाईहून सुमारे १०० मीटर अधिक. त्याच्यावर दाट जंगल होते. आएता नावाचे आदिवासी लोक तेथे पिढ्यानपिढ्या राहत होते. ते शिकार करीत, कंदमुळे लावीत, रानातली औषधे ओळखीत. हा डोंगर सुमारे ५०० वर्षे शांत होता. आजोबांनी किंवा पणजोबांनीही त्याचा उद्रेक पाहिला नव्हता. पायथ्याच्या प्रदेशात लाखो लोक राहत होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना तो इतर डोंगरांसारखाच एक डोंगर वाटे.

२ एप्रिल १९९१ रोजी डोंगराच्या बाजूला जमीन फुटली आणि वाफेचे स्फोट झाले. आएता लोकांनी ते पाहिले. त्यांच्यात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनीने ही बातमी शास्त्रज्ञांना कळवली. शास्त्रज्ञ लगेच आले. त्यांनी भूकंप मोजणारी यंत्रे डोंगराभोवती बसवली. अमेरिकेतील शास्त्रज्ञही मदतीला आले. यंत्रांवर रोज शेकडो लहान धक्के नोंदले जाऊ लागले. मे महिन्यात डोंगरातून निघणारा गंधकाचा वायू दोन आठवड्यांत सुमारे दसपट वाढला. खोल पोटातला शिलारस वर चढत होता. शास्त्रज्ञांनी जुन्या राखेचे थरही तपासले. पूर्वीचे उद्रेक किती मोठे होते, हे त्यांवरून कळले.

आता प्रश्न होता लोकांना पटवण्याचा. ५०० वर्षे झोपलेला डोंगर जागा होतो आहे, यावर कोणाचा चटकन विश्वास बसणार? घर, शेत, गुरे सोडून निघणे कोणाला आवडेल? आणि लोकांना हलवले, पण उद्रेक झालाच नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? शास्त्रज्ञांनी धोक्याच्या एक ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या. पायरी वाढली की लोकांना समजे. अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना एक चित्रफीत दाखवण्यात आली. ज्वालामुखीतून निघालेला तप्त राखेचा ढग डोंगरावरून किती वेगाने खाली येतो, हे तिच्यात दिसत होते. ही चित्रफीत मॉरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच पतिपत्नींनी तयार केली होती. चित्रे पाहून लोकांना धोका पटला.

जूनमध्ये हजारो लोक डोंगरापासून दूर गेले. १२ जूनला मोठे स्फोट सुरू झाले. १५ जूनला सर्वांत मोठा उद्रेक झाला. राख आणि वायू सुमारे ३५ किलोमीटर उंच उडाले. दुर्दैवाने त्याच दिवशी तेथे चक्रीवादळही आले. पावसाने भिजून राख जड झाली. तिच्या भाराने घरांची छपरे कोसळली आणि शेकडो माणसे दगावली. उद्रेकानंतर पिनातुबोचा माथाच नाहीसा झाला. त्याची उंची १,४८६ मीटर उरली. कळसूबाईहून उंच असलेला डोंगर एका दिवसात कळसूबाईहून बुटका झाला! माथ्याच्या जागी झालेल्या खळग्यात आता सरोवर आहे. आकाशात पसरलेल्या वायूमुळे पुढच्या वर्षी साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

संकट एवढ्यावर संपले नाही. पुढची अनेक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात राखेच्या चिखलाचे लोंढे खाली येत आणि गावे गाडीत. आएता लोकांचे जंगल गेले. छावण्यांत गोवराची साथ येऊन त्यांची अनेक मुले मरण पावली. तरीही, वेळेवर सूचना मिळाली नसती, तर आणखी निदान ५,००० माणसे मेली असती, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

क्राफ्ट पतिपत्नींना मात्र हे पाहायला मिळाले नाही. जपानमधील उंझेन हा ज्वालामुखी १७९२ पासून शांत होता. तोही याच सुमारास जागा झाला होता. त्याची चित्रे घेत असताना ३ जून १९९१ रोजी तप्त ढगात सापडून ते दोघे मरण पावले. त्यांच्या चित्रांनी दुसऱ्या देशातील लोकांचे प्राण वाचायला मदत झाली.

आता मृत ज्वालामुखींकडे वळू. ते ओळखायचे कसे? लाखो वर्षांच्या ऊनपावसाने त्यांचे मुख झिजलेले असते. अंगावर खोल घळी पडलेल्या असतात. त्यांच्याखाली शिलारसाचा साठा उरलेला नसतो. फिलिपिन्समध्ये असे पुष्कळ डोंगर आहेत. जेथे आज ज्वालामुखी नाही, तेथेही जुन्या लाव्ह्याच्या खुणा सापडतात. ॲन आर्बर ज्या मिशिगन राज्यात आहे, त्याच्या अगदी उत्तर टोकाला सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे खडक आहेत. त्या खडकांत तांबे सापडले.

आणि आपला सह्याद्री? त्याचा काळा कातळही लाव्हारसाचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठ्या भेगा पडून थरांवर थर लाव्हारस पसरला. घाटातून जाताना डोंगराच्या कड्यावर पायऱ्यांसारखे आडवे थर दिसतात, ते हेच. अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी याच कातळात कोरली आहेत. ही चूल केव्हाच थंड झाली आहे. तिची भीती नको. पण भारतात एक जागृत ज्वालामुखीही आहे. अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर तो आहे. शंभराहून अधिक वर्षे गप्प राहून तोही १९९१ सालीच पुन्हा धुमसू लागला. त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही.

मुलांनो, माणसाचे आयुष्य फार तर शंभर वर्षांचे. डोंगराचे आयुष्य लाखो वर्षांचे. आपल्याला जो काळ फार मोठा वाटतो, तो डोंगराची एक डुलकी असतो. म्हणून एखादा डोंगर मृत आहे असे म्हणण्यापूर्वी शास्त्रज्ञ त्याचे खडक तपासतात, त्याचे वायू मोजतात आणि त्याच्या पोटातले धक्के रात्रंदिवस नोंदवतात. डोंगराने पहिली हाक दिली, की ती कोणीतरी ऐकली पाहिजे आणि ती ऐकून लोकांनी वेळीच निघाले पाहिजे. पिनातुबोची पहिली हाक जंगलात राहणाऱ्या आएता लोकांनी ऐकली होती, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. ज्वालामुखीचे तीन प्रकार कोणते? प्रत्येकाची खूण एका वाक्यात लिहा.

२. का ते सांगा :
(अ) मायोनच्या उतारावर लोक शेती करतात.
(आ) १५ जून १९९१ रोजी घरांची छपरे कोसळली.
(इ) सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे थर दिसतात.

३. पिनातुबोची उंची उद्रेकामुळे किती मीटरने कमी झाली? गणित करून सांगा.

४. तुम्ही पिनातुबोच्या पायथ्याच्या गावात राहत आहात. आजी घर सोडायला तयार नाही. तुम्ही तिला कसे समजवाल? पाच-सहा वाक्ये लिहा.

५. तुमच्या गावाजवळचा काळा दगड आणून वर्गात दाखवा. त्याच्यात बारीक छिद्रे आहेत का, ते पाहा. ती छिद्रे कशामुळे पडली असतील, याची गुरुजींशी किंवा बाईंशी चर्चा करा.