घरच्या तुळशीची माळ

वारकरी जनांस माळेची थोरवी आम्ही नव्याने सांगावी असे नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्यमांस सुटले, एकादशी लागली, वारी बांधली गेली. पण हीच माळ एखादे दिवशी ऐन जेवणाच्या वेळी तुटते. पुष्कळ माळकरी ती पुन्हा ओवून गळ्यात घातल्याखेरीज घास घेत नाहीत. अशा वेळी ओवणारे हात घरात नसले तर? म्हणून माळ करण्याची व ओवण्याची रीत प्रत्येक माळकऱ्याच्या घरी ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

पंढरपुरात काशीकापडी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करीत आले आहेत. पण गडचांदूर कुठे अन् पंढरी कुठे! आपल्याकडे कार्तिकी पौर्णिमेस वर्धा-पैनगंगेच्या संगमावर वढ्याला यात्रा भरते, तिथे माळ मिळेलही. पण माळ काही यात्रेची वाट पाहून तुटत नाही. आणि ओवणे ही काही अवघड विद्या नव्हे. आपल्या भागातील गोंड मायबहिणी बारीक रंगीत मण्यांच्या माळा घरच्या घरी ओवतात, त्या आपण पाहतोच.

काडी कोणती घ्यावी? हिरवी, जिवंत तुळस माळेसाठी तोडू नये. मंजिऱ्या येऊन झाड आपोआप वाळले म्हणजे त्याचे खोड व जाड फांद्या काढाव्या. शिसपेन्सिलीएवढी जाडी पुरे. आपले गाव सिमेंटच्या कारखान्यांचे. काडीवर धूळ बसलेली असते, ती धुवून काडी सावलीत सुकवावी. चंद्रपूरकडच्या वैशाखी उन्हात ठेवली तर ती तडकते.

साल खरवडून बारीक दात्यांच्या करवतीने ६ मिलिमीटरचे तुकडे करावे. १०८ मणी आणि एक मेरुमणी यांना सुमारे ६५ सेंटिमीटर काडी लागते. करवतीची नासाडी व फुटणारे मणी धरून एक मीटर असू द्यावी. एका झाडात न भरली तर पुढल्या वर्षाची काडी येईतो तुकडे डबीत जपावे. घाई कशाची?

काडीच्या मधोमध मऊ गाभा असतो. त्यात बारीक दाभण हलक्या हाताने फिरवीत, अर्धे भोक एका टोकाने व अर्धे दुसऱ्या टोकाने पाडावे. एकदम रेटले की मणी फुटलाच समजा. मग मणी तारेत ओवून काचकागदावर फिरवावे; कडा मोडून ते गोल होतात.

आता ओवणी. बळकट सुती दोरा तीन मीटर घ्यावा व त्यावर मेण चोळावे. एक मणी ओवला की सैल गाठ घालावी, गाठीच्या फासात सुई घालून ती मण्यालगत सरकवावी, मगच आवळावी. गाठ भोकातून निसटेल इतकी लहान नसावी. प्रत्येक मण्यामागे अशी गाठ असली म्हणजे दोरा तुटला तरी मणी घरभर विखुरत नाहीत. मोडलेली माळ लवकर सांधते. अखेरीस दोन्ही टोके मेरुमण्यातून काढून पक्की गाठ मारावी. उरलेला दोरा व सुई डबीत घालून देवघरात ठेवावी, कारण गरज कधी पडेल याचा नेम नाही.

घरी माळ केली म्हणजे आपण माळकरी झालो, असे मात्र कोणी समजू नये बरं का! नवी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातूनच घ्यावी. पण ज्या तुळशीला सासूने उभा जन्म पाणी घातले, ती वाळल्यावर उकिरड्यावर न जाता सुनेच्या गळ्यात यावी, याहून त्या तुळशीचे दुसरे सार्थक ते काय?

रामकृष्णहरि.