वाढत्या अंगाचा नको!

पोरीला दोराच्या मल्लखांबाला घातलंस, छान केलंस. लिओटार्डही घरीच शिवणार म्हणतेस, तर चार गोष्टी कानात घालते. आपल्या घरांत मुलांचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवतात. फ्रॉकला ते चालतं, लिओटार्डला अजिबात नाही. सैल कापड गोळा होतं, दोरात अडकतं आणि पोर उलटी लटकलेली असताना तिचं लक्ष कपड्याकडे जातं.

कापड घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं, फोर-वे लाइक्रा माग. चार इंच कापड चिमटीत धरून ओढ. सहा इंचांपर्यंत गेलं आणि सोडताच पुन्हा चार इंचांवर आलं, तरच पैसे मोज. ताणून तसंच लोंबकळत राहिलं, तर दुसरं ठाण काढायला सांग. चमकीचं, टिकल्यांचं कापड सरावाला नकोच, दोराच्या घासण्यापुढे ते टिकत नाही.

मापात ब्लाउजवालीला ठाऊक नसलेलं एक माप आहे. खांद्याच्या मध्यावरून टेप पुढून खाली, पायांमधून मागे आणि पुन्हा त्याच खांद्यावर आण. हा उभा घेर चुकला, तर खांदे तरी काचतात नाहीतर पाठीवर पोतं तरी लोंबतं. मग छाती, कंबर, नितंब आणि मांडी घे. छाती 26 इंच असेल, तर दहा टक्के कमी करून साधारण साडेतेवीस इंचांवर बेत. कंबर-नितंबांनाही तोच हिशोब. उभा घेर 48 असेल, तर दोन-अडीच इंचच कमी कर. इतर कपड्यांत सैलपणा घालतो, इथे तो काढायचा असतो.

ब्राउन पेपरवर पुढचा आणि मागचा असे दोन अर्धे भाग काढ. मागचा भाग खाली रुंद ठेव, कारण बूड मागे असतं! पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल. मागे उघडणारं काही ठेवत नसशील, तर पोर गळ्यातूनच आत शिरणार, म्हणून गळा ताणून नितंबांवरून उतरतो का हे आधी तपास. शिलाईला पाव इंच माया पुरे. पायांच्या मधल्या भागाला आतून सुती होजिअरीचा तुकडा लाव.

शिवताना पॉलिस्टर दोरा आणि बॉलपॉइंट सुई, अकरा नंबरची. साध्या सुईने टाके सुटतात. मशीनवर झिगझॅग असेल, तर अगदी बारीक झिगझॅगने जोड. जुनं पायमशीन असेल, तर सरळ टीप मारताना कापड किंचित ताणून धर आणि शेजारून दुसरी टीप मार. न ताणता मारलेली टीप पोरीने पहिली कमान टाकताच तटकन तुटते. सुरुवातीला कापड सुईखालच्या भोकात ओढलं गेलं, तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेव, नंतर फाडून टाक.

पायांचं इलॅस्टिक हीच खरी परीक्षा. पाव ते तीन अष्टमांश इंच रुंदीचं घे. पुढच्या बाजूला ते जवळपास न ताणता लाव, मागे मात्र चांगलं ताणून. सगळीकडे सारखं ताणलंस, तर पुढे जांघेत वळ उठतील आणि मागे कापड वर सरकेल. आधी झिगझॅगने कडेला जोड, मग आत दुमडून वरून पुन्हा झिगझॅग मार.

शेवटची माया कापण्याआधी घालून बघ. आरशासमोर उभं करून काही कळत नाही. हात वर करायला सांग, उकिडवं बसव, कमान टाकायला लाव. खांदे खेचले गेले, तर उभा घेर कमी आहे, कंबरेशी वळ्या पडल्या, तर जास्त.

गार पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, सावलीत वाळव, इस्त्री तर नावालाही नको. ब्राउन पेपरवर तारीख आणि मापं लिहून ठेव, पुढच्या वर्षी तोच वाढवून वापरता येईल. एक लिओटार्ड वर्षभर टिकला की पैसे वसूल. दोन वर्षं पुरवायच्या हट्टाने तो मोठा शिवशील, तर कापडही वाया आणि सरावही.