टेक्सासमध्ये चितळ?

प्रश्न : मुलाकडे टेक्सासला आले आहे. ऑस्टिनच्या पश्चिमेला रस्त्याकडेला ठिपक्यांची हरणं दिसली, हुबेहूब आपल्या चितळासारखी. ती इथे कशी?

उत्तर : ती चितळंच असावीत. १९३२च्या सुमारास ती तिथे शिकारीसाठी आणली गेली. कुंपणातून निसटलेल्यांचे कळप आता मोकाट फिरतात. तिथल्या मूळच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत ठिपके फक्त पाडसांना असतात आणि काही महिन्यांत जातात. चितळाचे मात्र जन्मभर राहतात. गळ्यावरचा पांढरा डाग आणि पाठीच्या कण्यावरची गडद रेघही पाहा. नराच्या प्रत्येक शिंगाला बहुधा तीन टोकं असतात. शिंग वर पसरट, पंजासारखं असेल, तर ते फॅलो हरीण. तेही तिथे पाहुणंच! दक्षिण टेक्सासला गेलात तर नीलगायही भेटेल.