छोट्या कुत्र्याच्या तोंडाला वास का येतो?

आरोग्याच्या पानावर कुत्र्याचे काय काम, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण आपल्या वस्तीतली घरे डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची खोली, तीत पाच-सहा माणसे, आणि आता कितीतरी घरांत एक पांढरे केसाळ पामेरियन. ते पलंगाखाली झोपते, जेवताना पोरांच्या ताटाशी बसते, बाळाचे गाल चाटते. त्याच्या तोंडात जे चालले आहे ते घरातल्या माणसांपासून फार लांब नसते. बाबासाहेबांनाही कुत्र्यांची आवड होती. राजगृहातला १९३४ सालचा कुटुंबाचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात रमाई आणि यशवंतरावांबरोबर टॉबी नावाचा कुत्राही आहे. तेव्हा या विषयाला संकोच नको.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू होते. ते आटोपल्यावर एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. "सिस्टर, आमच्या मोतीच्या तोंडाला इतका घाण वास येतो की सासूबाई त्याला घरात घेऊ देत नाहीत. पंधरा दिवस झाले, दारात बांधलाय, पावसात. पोरं रडतात. माणसांचं बघता तसं त्याचंही जरा बघाल का?"

आम्ही शिकलो ते माणसांच्या दवाखान्यात. जनावरांचे डॉक्टर आम्ही नव्हे, हे आधीच सांगतो. पुढे लिहिले आहे ते पशुवैद्यकांना विचारून घेतलेले आहे. त्या घरी आमचा पहिला प्रश्न होता, याला रेबीजची लस दिली आहे का? दिली होती, कार्डही होते. मग ताईंनी त्याला मांडीवर घेतले आणि वरचा ओठ हळूच उचलला. मागच्या दाढांवर तपकिरी दगडासारखा थर चढला होता. हिरड्या लालभडक होत्या, नुसता ओठ सरकला तरी रक्त येत होते. उजव्या डोळ्याखाली थोडी सूज होती. मोती सात वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, त्यात काय!" खरा घोळ या वाक्यात आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला खाल्लेल्या अन्नाचा थोडा वास असतो, पण खोलीत बसवत नाही असा सडका वास नसतो. तो वास म्हणजे बहुतेक वेळा हिरड्यांचा आजार असतो, आणि तो दुखतो.

हा आजार कसा होतो ते पाहू. जेवणानंतर दातांवर जंतूंचा चिकट, मऊ थर बसतो. तो रोज पुसला तर निघतो. तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत घट्ट होतो आणि त्याचे कीटण बनते. कीटण मग कापडाने वा ब्रशने निघत नाही. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर बसतो, जंतू हिरडीच्या खाली उतरतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खालचे हाड झिजू लागते. वास या जंतूंचा आणि कुजणाऱ्या मांसाचा असतो. तीन वर्षे वयापर्यंत बहुतेक कुत्र्यांत याची काही ना काही सुरुवात दिसते.

मग छोट्या कुत्र्यांनाच हे जास्त का? मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात आणि पामेरियनच्या एवढ्याशा जबड्यातही ४२च. बालवाडीच्या एका बाकावर दहावीची मुले बसवावीत तसे ते दाटीवाटीने, वाकडेतिकडे बसतात. मधल्या फटींत अन्न अडकते. त्यात छोट्या जातींत दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की त्याचे सुळे पाहा. एकाच जागी दोन सुळे, एक बारीक नि एक जाड, शेजारी शेजारी दिसले तर बारीक दात डॉक्टरांकडून काढून घ्यावा. शिवाय छोट्या कुत्र्याचे जबड्याचे हाड मुळातच पातळ असते. ते आतून झिजले तर किरकोळ उडी मारतानाही जबडा मोडू शकतो.

आता घरगुती उपायांविषयी. मोतीच्या हिरड्यांना सासूबाईंनी दोनदा मशेरी घासली होती. हेतू चांगला होता, आयुष्यभर स्वतः तेच केलेले. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातले निकोटीन एवढ्याशा जिवाला विष आहे. दुसऱ्या वेळी मोतीला उलट्या झाल्या आणि तो थरथरत होता, त्यावर निभावले. (माणसांच्या हिरड्यांचेही मशेरी काही भले करत नाही, पण त्यावर पुन्हा कधीतरी.) आपली टूथपेस्टही लावायची नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळे पोटात जाते. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, त्याने कुत्र्याची साखर एकदम उतरते आणि जीव जाऊ शकतो. दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल, ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर मुळीच देऊ नये. आपल्याला बरे वाटवणारी गोळी त्याचे पोट, किडनी किंवा लिव्हर बिघडवते.

हाडाचेही असेच. "हाड चघळले की दात साफ होतात" असे सगळेच म्हणतात. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडे चावताना तुकड्यांत फुटतात. कधी दाताचा टवका उडतो. कधी तुकडा टाळूला आडवा, दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मध्ये अडकून बसतो. कालपर्यंत बरा असलेला कुत्रा एकदम तोंडावर पंजा मारू लागला, लाळ गाळू लागला आणि दोन-तीन दिवसांत वास सुटला, तर असे काही अडकले असण्याची शक्यता असते. रश्शात कालवलेली पोळीही नको. कांदा-लसणाच्या वाटणाने कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. चहात बुडवलेले बिस्कीट दाढांना चिकटून राहते. साधा भात, बिनमसाल्याची उकडलेली अंडी, हाड काढलेले उकडलेले चिकन, पोळी हे आपल्या घरात होणारेच अन्न आहे. मसाला घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढला की झाले.

रोजची निगा स्वस्त आहे. वॉर्डात असताना बेशुद्ध रुग्णाच्या तोंडाची निगा हे आम्हा नर्सेसचे रोजचे काम असे. बोटाला गॉज गुंडाळायचा, ओला करायचा आणि गाल व दात यांच्या मधून फिरवायचा. कुत्र्याचेही जवळपास तसेच. जुन्या सुती साडीचा मऊ, स्वच्छ तुकडा बोटाला गुंडाळा, साध्या पाण्यात भिजवा. पहिले काही दिवस फक्त ओठ उचला, शाबासकी द्या, सोडा. मग एक-दोन दात पुसा. पंधरा दिवसांत तो सवयीने बसू लागतो. तोंड उघडायची गरज नाही. दातांची बाहेरची बाजू पुसली तरी पुरते, आतली बाजू त्याची जीभ बरीचशी सांभाळते. वरच्या मागच्या दाढांकडे जास्त लक्ष द्या, कीटण तिथे सर्वांत आधी धरते. हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवरून कापड फिरले पाहिजे. एक मिनिटाचे काम, पण रोजचे. आठवड्यातून एकदा जोर लावून घासण्यात अर्थ नाही. लहान बाळाचा मऊ ब्रशही चालेल. हिरडीतून आधीच रक्त येत असेल तर मात्र पुसापुशी नको, आधी डॉक्टर. हे काम मोठ्या माणसाने करावे, पोरांनी नाही, आणि लस दिलेल्या, शांत कुत्र्याचेच करावे. पुसल्यावर हात साबणाने धुवा.

कधी कधी वास तोंडातून येतो, पण रोग दुसरीकडे असतो. लघवीसारखा उग्र वास, सोबत उलट्या आणि भूक मेलेली असेल तर किडनीकडे संशय जातो. आपल्या वस्त्यांत उंदीर आणि पावसाळ्यात साचलेले पाणी असते, त्यामुळे लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, किडनी आणि लिव्हर धरतो. अशा कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. जागा साफ करताना हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर झाकून घ्या. त्याची लस मिळते, रेबीजच्या लसीबरोबर विचारून घ्यावी. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, खूप पाणी पिणे, खाऊनही वाळत जाणे हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. तोंडात गाठ दिसली तर वाट पाहू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. मोती दारात बांधलेला असताना ताईंच्या नऊ वर्षांच्या मुलाने, दाढेत हाड अडकले असेल म्हणून, त्याच्या तोंडात हात घातला होता. मोती लस घेतलेला होता, चावलाही नाही. पण लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज बदलतो, ही रेबीजचीही लक्षणे आहेत, आणि पाहणाऱ्याला वाटते घशात हाड अडकले. हात घालणारा माणूस त्यातून वाचेलच असे नाही, कारण रेबीजची लक्षणे माणसात दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. म्हणून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात घरच्यांनी हात घालू नये, आपला असला तरी. दात लागला, ओरखडा उठला, किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मिळते. जखमेत द्यायचे इंजेक्शन लागेल का, तेही विचारा आणि सांगितलेल्या तारखांचे सगळे डोस पुरे करा. तिसऱ्या डोसला दांडी मारणारे आम्ही फार पाहिले.

आणखी एक, विदर्भातल्या वाचकांसाठी खास. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात प्लीहा नीट काम करत नाही, आणि कुत्र्याच्या तोंडातले काही जंतू अशा माणसाच्या रक्तात झपाट्याने पसरू शकतात. सिकलसेलच्या रुग्णाला छोटासा चावा बसला तरी दवाखान्यात जाऊन "मला सिकलसेल आहे" हे आवर्जून सांगावे. मधुमेही माणसाने पायाची जखम कुत्र्याला चाटू देऊ नये. बाळाचे तोंडही नको.

कीटण काढायचे तर भूल द्यावी लागते. इथे बहुतेक जण कच खातात, "भुलीत गेला तर?" ही भीती खोटी नाही, म्हणूनच डॉक्टर आधी रक्त तपासतात. पण भूल न देता वरवर खरवडले तर दात पांढरे दिसतात आणि हिरडीखालचा रोग तसाच राहतो. त्यावर पैसे घालवू नका. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल जुन्या माणसांना ठाऊक आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतरत्र तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. दातांचे काम तिथे होत नसेल तर कुठे होते ते तिथेच विचारावे. सकाळी लवकर जा, लसीचे कार्ड बरोबर ठेवा, तोंडाला पट्टी किंवा जाळी बांधून न्या. भुलीची तारीख मिळाली तर आदल्या रात्रीपासून खायला द्यायचे की नाही, हे विचारूनच निघा.

मोतीचे सहा दात काढावे लागले. डोळ्याखालची सूज वरच्या दाढेच्या मुळातल्या पुवाची होती. सासूबाई म्हणाल्या, आता हा खाणार कसा? दात नसलेला कुत्रा छान खातो, दुखत होते म्हणून तो अर्धे सोडत होता. आठवड्याने आम्ही गेलो तेव्हा तो सासूबाईंच्याच पलंगाखाली होता, दूधभात चाटूनपुसून झाला होता. जुन्या सुती साडीचा फडका खिडकीच्या गजाला वाळत होता. मशेरीचा डबा मात्र अजून फळीवर होता. तो त्यांचा स्वतःचा, म्हणाल्या.