जुन्या प्रोग्रॅममधून काय काढता येते?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारावर ज्यांची उधारी चालते, अशा आम्हा कापडवाल्यांपैकी काहींनी नव्वदच्या दशकात बिलाचे प्रोग्रॅम करून घेतले. आमचा क्लिपरमध्ये बांधलेला होता. बांधणारा मुलगा पुढे गाव सोडून गेला. नव्या ६४ बिटच्या विंडोजवर तो डॉसचा प्रोग्रॅम उघडेना आणि सगळी बाकी आत अडकली.

व्यापारी बांधवांनी आधी एक फरक ध्यानात घ्यावा. तयार झालेली ईएक्सई फाइल म्हणजे शिवलेला सदरा. तो उसवला तर कापड व गुंड्या मिळतात, शिंप्याने खडूने केलेल्या खुणा मिळत नाहीत. तसेच प्रोग्रॅम उलटा उकलणारी साधने हिशेबाची रीत बरीचशी काढून देतात. पण लिहिणाऱ्याने समजुतीसाठी घातलेले शेरे बांधतानाच गळालेले असतात.

मात्र नोंदी बहुधा ईएक्सईत नसतातच. त्या शेजारच्या डीबीएफ फायलींत असतात. लिबरऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या उघडतात. प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर डॉसबॉक्स आहे, तोही मोफत. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने भरलेली मराठी नावे अगम्य चिन्हांत दिसली तरी घाबरू नये. ती इस्की संकेतात असतात आणि युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरच बेतलेली असल्याने ती बदलून घेता येतात.

एक ठोकर आम्ही खाल्ली. डीबीएफमध्ये खोडलेली नोंद लगेच जात नाही. तिच्या आरंभी फक्त चांदणीची खूण लागते आणि ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत ती तशीच पडून राहते. आमच्या भाच्याने नोंदी काढताना ती खूण पाहिली नाही. आम्ही एका जुन्या गिऱ्हाइकाकडे फिटलेली बाकी मागायला गेलो. त्याने घडी घातलेली पावती पुढे केली. शरमेने मान खाली गेली.

आता हक्काचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९४ व १९९९ साली दुरुस्त्या झाल्या. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवणे, तो कसा चालतो ते पाहणे, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडण्यापुरती माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल तर ती काढणे, याला मुभा आहे. त्यातला तुकडा उचलून आपल्या नावाने विकण्यास नाही. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब खाली किमान सात दिवसांची कैद सांगितली आहे. धंद्यासाठी वापर नसेल तरच न्यायालय कैद माफ करू शकते.

आम्ही तो मुलगा शोधला. त्याच्याकडे मूळ फायली एका फ्लॉपीवर होत्या; फ्लॉपीला बुरशी लागली होती.