सडकेवरची होडी

इ. स. १९६३ साली फ्रँक डाय या इंग्रज दर्यावर्दीने एका सोबत्यासह स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून आइसलँडपर्यंतचा प्रवास उघड्या शिडाच्या होडीतून केला. होडी अवघी ४.८ मीटर लांब! तिच्या जातीचे नाव ‘वेफेअरर’, म्हणजे वाटसरू. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली तिचा आराखडा केला. हे नाव तिला खरोखरच शोभते; कारण ब्रिटनमध्ये अशा कितीतरी होड्या मालकाच्या अंगणात राहतात आणि सुट्टीच्या दिवशी लहानशा मोटारीमागे ट्रेलरवर बसून समुद्राकडे जातात. लाटांचे भय सर्वांनाच ठाऊक असते. सडकेवरील भय मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

नुसत्या होडीचे वजन सुमारे १७० किलो. डोलकाठी, शिडे व ट्रेलर धरून ते ३०० किलोंच्या आसपास जाते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्याचा भार मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा तेथील नियम आहे. परंतु भार किती, याहूनही तो कोठे ठेवला, हे महत्त्वाचे. मागे ओझे अधिक झाले की बैलगाडी उलाळते, हे तुम्ही पाहिले असेल. ट्रेलरचेही तसेच. नांगर व इतर जड सामान होडीच्या मागच्या टोकास कोंबले, तर ट्रेलरचे पुढचे टोक मोटारीची मागची बाजू उचलू पाहते आणि वेग वाढताच ट्रेलर सापासारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक दाबणे घातक होय. चक्र सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा. खरा उपाय मात्र घरीच करावयाचा असतो. सामान चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावे, म्हणजे १५ ते २० किलो भार मोटारीच्या जोडावर येतो व ट्रेलर मुकाट्याने मागून चालतो.

किनाऱ्यावर पोहोचताच सर्वांना घाई होते. तरीही डोलकाठी उभारण्यापूर्वी मान वर करून पाहावे. धातूची डोलकाठी विजेच्या तारेस लागून माणसे दगावली आहेत. केवळ उभे असू तेथेच नव्हे, तर पाण्यापर्यंतच्या साऱ्या वाटेवर तारा नाहीत, याची खात्री करावी.

मग मोटार उतारावर मागे घ्यावयाची. चक्र उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे वळतो. हे पहिल्या दिवशी कोणासच साधत नाही! मोटार कोरड्या जागीच थांबवावी. प्रवासात तापलेली चाकांची बेअरिंगे थंड पाण्यात बुडाली, तर खारे पाणी आत शोषले जाऊन ती गंजतात. म्हणून जाणते लोक ट्रेलरवर एक हलका हातगाडा ठेवतात आणि होडी त्यावरूनच पाण्यात नेतात. उतारावर शेवाळ असते; त्यामुळे होडीच्या खालच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. बांधलेले पट्टे पाण्याशी पोहोचल्यावरच सोडावेत, नाळेची दोरी मात्र हातातून सोडू नये. होडी तरंगू लागली की एकाने ती वाऱ्याकडे तोंड करून धरावी आणि दुसऱ्याने रिकामा हातगाडा भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवावा. त्यानंतर शीड चढवावयाचे.